इंग्रजीच्या चुकांचे मूळ मराठीत : परीक्षेच्या तयारीसाठी व्याकरण, स्पेलिंग व विरामचिन्हे

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे खेड्यातील शाळेत इंग्रजीची तयारी बहुधा एकाच पद्धतीने चालते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणल्या जातात, मुलांकडून त्या सोडवून घेतल्या जातात, चुकलेल्या उत्तरावर तांबड्या शाईची फुली पडते आणि बरोबर उत्तर फळ्यावर लिहिले जाते. मुले ते उतरवून घेतात. पुढील आठवड्यात तोच प्रश्न निराळ्या शब्दांत आला की तीच चूक पुन्हा होते. शिक्षकाला वाटते, मुलाचे लक्ष नाही. मुलाला वाटते, इंग्रजी आपल्याला येणारच नाही. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत जून २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते. त्यापूर्वी ते पाचवीपासून सुरू होई. शिष्यवृत्ती परीक्षेत तृतीय भाषा म्हणून इंग्रजीवर २५ प्रश्न व ५० गुण असतात. गणितात चांगली गती असलेला खेड्यातील मुलगा किंवा मुलगी या ५० गुणांत मागे पडते आणि गुणवत्ता यादीबाहेर राहते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. म्हणून या विभागाकडे अधिक विचाराने पाहणे अगत्याचे आहे.

विचार करण्याजोगी मुख्य गोष्ट अशी की, मराठी मुलाच्या इंग्रजीतील बहुतेक चुका अज्ञानातून होत नाहीत. त्या मराठीच्या उत्तम ज्ञानातून होतात. मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत मराठीचे नियम त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. इंग्रजी वाक्य लिहिताना ते नकळत तेच नियम लावते. जेथे दोन्ही भाषांचे नियम सारखे, तेथे उत्तर बरोबर येते. जेथे ते भिन्न, तेथे चूक होते. अशी भिन्न स्थळे फार नाहीत. शिक्षकाने ती हेरली आणि एकेक करून मुलांपुढे ठेवली, तर फुली मारण्याचे श्रम पुष्कळ कमी होतील. अशी ठळक स्थळे पुढे क्रमाने दिली आहेत. उदाहरणे देवनागरीत छापली आहेत. फळ्यावर ती रोमन अक्षरांतच लिहावीत.

१. वाक्यातील क्रम

मराठीत कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद असा सामान्य क्रम असतो : ‘मी आंबा खातो.’ इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या लगेच पाठोपाठ येते : ‘आय ईट अ मँगो.’ मराठीत विभक्तीच्या प्रत्ययांमुळे शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ ढळत नाही. ‘रामाने वाघाला पाहिले’ आणि ‘वाघाला रामाने पाहिले’ यांत पाहणारा रामच राहतो. इंग्रजीत मात्र शब्दाची जागा हाच त्याचा प्रत्यय होय. ‘राम सॉ अ टायगर’ यातील दोन नामांची अदलाबदल केली तर वाघ पाहणारा होतो आणि राम दिसणारा होतो. हे एक उदाहरण वर्गात तीन मुलांना शब्दपाट्या देऊन, त्यांच्या जागा बदलून दाखविले, तर क्रमाचे महत्त्व मुलांच्या सहज ध्यानात येते.

याच कारणाने ‘मला आंबा आवडतो’ या वाक्याचे इंग्रजी करताना मुले अडखळतात. मराठीत येथे क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. आंबे अनेक असले तर ‘आवडतात’ होते. इंग्रजीत आवडून घेणारा तो कर्ता : ‘आय लाइक मँगोज.’ ‘मला दोन भाऊ आहेत’ याचेही तसेच : ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ मराठीत ‘मला’ने सुरू होणारी दहा-बारा वाक्ये घेऊन ती इंग्रजीत ‘आय’ने कशी सुरू होतात, याचा एक स्वतंत्र पाठ घ्यावा.

२. ‘ही’, ‘शी’ आणि आदरार्थी अनेकवचन

‘ही इज माय सिस्टर’ ही चूक गावोगावच्या वह्यांत आढळते. तिचे कारण उघड आहे. मराठीत ‘ही’ हे स्त्रीलिंगी सर्वनाम आहे : ‘ही माझी बहीण.’ इंग्रजीत नेमका तोच उच्चार पुरुषासाठी वापरतात. शिवाय ‘शी’ हा उच्चार मराठी मुलांना हसू आणणारा असल्यामुळे ती तो टाळू पाहतात. शिक्षकाने एकदा हसू येऊ द्यावे आणि मग मुलामुलींकडे बोट करून दोन्ही सर्वनामांचा मोकळेपणाने सराव घ्यावा. टेबल, खुर्ची, वही, पेला या निर्जीव वस्तूंना मराठीत लिंग असते, इंग्रजीत त्या सर्वांना ‘इट’ हे एकच सर्वनाम पुरते, हेही त्याच तासात सांगावे.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. तीच मुले ‘माय मदर इज ॲट होम’ असे बरोबर लिहितात आणि ‘माय फादर आर ॲट होम’ असे चुकीचे लिहितात. घरात ‘आई आली’ असे एकवचन आणि ‘बाबा आले’ असे आदरार्थी अनेकवचन त्यांच्या तोंडी असते. तोच आदर इंग्रजीत उतरतो. ‘गुरुजी आर’, ‘ग्रँडफादर हॅव’ ही सारी त्याच मुळाची फळे. इंग्रजीत आदर क्रियापदाच्या वचनाने दाखवीत नाहीत. एक माणूस म्हणजे एकवचन, मग तो कितीही थोर असो. एवढे एक वाक्य समजले की या वर्गातील चुका बहुतेक नाहीशा होतात. मुलाला रागे भरण्याऐवजी ‘तू वडिलांना मान दिलास, पण इंग्रजीत मान देण्याची रीत निराळी आहे’ असे सांगितले, तर ते त्याच्या कायमचे लक्षात राहते.

३. क्रियापदाची खूण

साध्या वर्तमानकाळात ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एकवचनी नाम कर्ता असता क्रियापदाला ‘एस्’ लागतो : ‘द बॉय प्लेज.’ कर्ता अनेकवचनी झाला की क्रियापदाचा ‘एस्’ जातो : ‘द बॉइज प्ले.’ मराठीत नाम अनेकवचनी झाले की क्रियापदही अनेकवचनाची खूण घेते : ‘मुलगा खेळतो, मुलगे खेळतात.’ म्हणून मूल दोन्हीकडे ‘एस्’ लावते. त्याला सांगावे की ‘एस्’ एकच आहे. तो नामाने घेतला तर क्रियापदाला मिळत नाही. मात्र ‘चिल्ड्रन’, ‘मेन’ यांसारखी अनेकवचने ‘एस्’ न घेता होतात. तेथेही क्रियापद ‘एस्’विनाच राहते, हे उदाहरणाने दाखवून ठेवावे.

प्रश्न व नकार करताना ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ हे साहाय्यक येते आणि खूण स्वतःकडे घेते. मूळ क्रियापद मोकळे होते. ‘शी प्लेज’ याचा प्रश्न ‘डज शी प्ले?’ आणि ‘शी वेन्ट’ याचा प्रश्न ‘डिड शी गो?’ असा होतो. ‘डिड शी वेन्ट?’ ही चूक मराठीतून येते, कारण ‘ती गेली होती’ या रचनेत दोन्ही शब्दांवर भूतकाळाची खूण असते. इंग्रजीत काळाची खूण एकदाच. हा नियम फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे.

‘माय नेम सीता’ आणि ‘शी इज गो’ या दोन चुका परस्परविरुद्ध भासतात. पहिलीत ‘इज’ गळतो, दुसरीत तो नको तेथे येतो. ‘माझे नाव सीता’ हे मराठीत क्रियापदावाचून पूर्ण होते. म्हणून पहिली चूक. ‘ती जात आहे’ यातील ‘आहे’साठी मूल ‘इज’ लिहिते, पण ‘जात’मधील प्रत्ययासाठी ‘गो’ला ‘आयएनजी’ लावण्यास विसरते; म्हणून दुसरी चूक. इंग्रजी विधानवाक्य क्रियापदावाचून उभे राहत नाही, आणि चालू काळात ‘इज’ व ‘आयएनजी’ जोडीने येतात, असे दोन सुटसुटीत नियम येथे पुरतात.

४. उपपदे

मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. म्हणून ती गाळण्याकडे मुलांचा कल असतो. परीक्षेत ‘अ’ की ‘ॲन’ हा प्रश्न वारंवार येतो. पुष्कळ ठिकाणी ‘ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांपूर्वी ॲन’ असा नियम पाठ करून घेतात. तो अपुरा आहे, कारण निवड अक्षरावर नसून उच्चारावर अवलंबून आहे.

या बाबतीत देवनागरी लिपी मराठी मुलाच्या मदतीला येते. शब्द जसा उच्चारला जातो तसा देवनागरीत लिहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास. इंग्रजीत तो ‘एच’ने सुरू होतो, पण देवनागरीत ‘अ’ने, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिफॉर्म’ इंग्रजीत ‘यू’ने सुरू होतो, पण देवनागरीत ‘य’ने, म्हणून ‘अ युनिफॉर्म’. ‘अम्ब्रेला’ला ‘ॲन’, ‘वन-रुपी कॉइन’ला ‘अ’, ‘एमएलए’ला ‘ॲन’. येथे एकच सावधगिरी हवी. वर्ष या अर्थाचा शब्द आपण सवयीने ‘इयर’ असा लिहितो. त्याचा खरा उच्चार ‘य’कारानेच सुरू होतो, म्हणून ‘अ’ हेच उपपद योग्य.

‘द’ विषयी प्राथमिक वर्गाला एवढे पुरे : पहिल्यांदा उल्लेख करताना ‘अ’ किंवा ‘ॲन’, तीच वस्तू पुन्हा सांगताना ‘द’. ‘आय सॉ अ डॉग. द डॉग वॉज ब्लॅक.’ सूर्य, चंद्र, आकाश या एकमेव गोष्टींनाही ‘द’ लागतो.

५. शब्दयोगी अव्यये

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते : ‘टेबलावर’. इंग्रजीत ते पुढे येते : ‘ऑन द टेबल’. हा भेद मुले लवकर आत्मसात करतात. अडचण निराळीच आहे. ‘सोमवारी’, ‘सकाळी’, ‘रात्री’ या तिन्ही शब्दांत मराठीत एकच प्रत्यय आहे; इंग्रजीत मात्र ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ॲट नाइट’ अशी तीन निराळी अव्यये येतात. म्हणून येथे भाषांतर करून शिकविणे निरुपयोगी ठरते. घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वाराला व तारखेला ‘ऑन’, महिन्याला व वर्षाला ‘इन’ अशी कोष्टकवार मांडणी करावी, आणि ‘ॲट नाइट’ व ‘इन द मॉर्निंग’ हे जोडशब्दांप्रमाणे पाठ करून घ्यावेत.

६. स्पेलिंग

मराठी मुलाला स्पेलिंगाचा जाच वाटतो तो साहजिक आहे. देवनागरीत प्रायः जसे बोलावे तसे लिहावे. इंग्रजीत ‘नाइफ’ लिहिताना आरंभी ‘के’ घालावा लागतो. ‘का?’ असे मुलाने विचारले तर ‘तसेच आहे’ हे उत्तर देऊ नये. त्याचे उत्तर इतिहासात आहे. पूर्वी तो ‘के’ उच्चारला जात असे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातल्यानंतर इंग्लंडात लेखन हळूहळू एका साच्यात बसू लागले. पुढे उच्चार बदलत गेले, लेखन मात्र मागेच राहिले. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा कोश निघाला, त्यानंतर तर रूढ स्पेलिंगे अधिकच स्थिर झाली. काही अक्षरे पंडितांनी मुद्दाम घातली. ऋण या अर्थाच्या ‘डेट’ शब्दातील न उच्चारला जाणारा ‘बी’ हा त्याच्या लॅटिन मूळ शब्दाची आठवण म्हणून आणलेला आहे. मराठीतही ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतील ‘च’ एकच लिहितात, उच्चार दोन करतात. म्हणजे लेखन व उच्चार यांतील अंतर मुलाला अगदीच अपरिचित नाही.

स्पेलिंग हा सर्वस्वी पाठांतराचा विषय नाही. पुढील नियम विश्वासाचे असून प्राथमिक वर्गातील शेकडो शब्द त्यांत बसतात.

पहिला, शेवटच्या मूक ‘ई’चा. तो स्वतः बोलत नाही, पण आधीच्या स्वराला त्याच्या नावाने बोलावयास लावतो : ‘हॅट’चे ‘हेट’, ‘किट’चे ‘काइट’, ‘हॉप’चे ‘होप’. अशा शब्दाला ‘आयएनजी’ लावताना हा ‘ई’ गळतो : ‘मेक–मेकिंग’, ‘राइट–रायटिंग’.

दुसरा, व्यंजन दुप्पट करण्याचा. शब्द एकाच अवयवाचा असेल, शेवटी एकच व्यंजन असेल आणि त्याच्या आधी एकच स्वर असेल, तर प्रत्यय लावताना ते व्यंजन दोनदा लिहितात : ‘रन–रनिंग’मध्ये ‘एन’ दोन, ‘स्टॉप–स्टॉपिंग’मध्ये ‘पी’ दोन. ‘रीड’मध्ये दोन स्वर आहेत आणि ‘हेल्प’मध्ये दोन व्यंजने आहेत, म्हणून तेथे काहीच दुप्पट होत नाही. ‘डब्ल्यू’, ‘एक्स’ व ‘वाय’ ही अक्षरे दुप्पट होत नाहीत. हा व पहिला नियम मिळून ‘हॉपिंग’ आणि ‘होपिंग’ यांतील फरक समजतो : लंगडी घालण्यात ‘पी’ दोन, आशा करण्यात एक.

तिसरा, शेवटच्या ‘वाय’चा. त्याच्या आधी व्यंजन असेल तर ‘वाय’ जाऊन ‘आयईएस्’ येते : ‘बेबी–बेबीज’. आधी स्वर असेल तर नुसता ‘एस्’ : ‘बॉय–बॉइज’. क्रियापदालाही हाच नियम लागतो : ‘क्राय–क्राइज’, ‘प्ले–प्लेज’. एक नियम दोन ठिकाणी उपयोगी पडतो, हे मुलांच्या नजरेस आणून द्यावे.

चौथा, ‘ईएस्’चा. ‘बस’, ‘डिश’, ‘बेंच’, ‘बॉक्स’ यांच्या अनेकवचनात तोंडाने एक अवयव वाढतो. कानाला तो ऐकू आला की हाताने ‘ईएस्’ लिहावे. जी अनेकवचने नियमाबाहेर आहेत, त्यांची लहान यादी भिंतीवर लावावी : ‘मॅन–मेन’, ‘फूट–फीट’, ‘टूथ–टीथ’, ‘माउस–माइस’, ‘चाइल्ड–चिल्ड्रन’. ‘शीप’ शब्द दोन्ही वचनांत तसाच राहतो. मराठीत ‘एक दगड, दहा दगड’ असतो तसा.

पाचवा, मूक अक्षरांच्या जोड्यांचा. शब्दारंभी ‘के’ व ‘एन’ एकत्र आले तर ‘के’ मूक. ‘डब्ल्यू’ व ‘आर’ एकत्र आले तर ‘डब्ल्यू’ मूक. शब्दाच्या शेवटी ‘एम’नंतर ‘बी’ आला तर ‘बी’ मूक. सुटे सुटे शब्द घोकण्यापेक्षा अशा जोड्यांखाली शब्द गोळा करणे मुलांना आवडते.

सहावा, ‘सी’चा. ‘ई’, ‘आय’ व ‘वाय’ यांच्यापूर्वी तो ‘स’ बोलतो : ‘सिटी’, ‘सायकल’, ‘राइस’, इतरत्र बहुधा ‘क’ बोलतो : ‘कॅट’, ‘कप’.

‘सी’नंतर ‘ईआय’, एरवी ‘आयई’, हा जुना नियम मात्र जपून वापरावा. ‘फील्ड’, ‘बिलीव्ह’, ‘रिसीव्ह’ यांना तो लागू पडतो. पण ‘एट’, ‘नेबर’, ‘फॉरिन’, ‘सायन्स’ असे अगदी नेहमीचे शब्द त्याला जुमानत नाहीत. इंग्लंडातील शासकीय मार्गदर्शिकेनेही २००९ साली हा नियम शिकविण्याजोगा नाही असे मत दिले. असे शब्द डोळ्यांनीच ओळखीचे व्हावेत.

त्यासाठी जुनी आणि खात्रीची रीत चार पायऱ्यांची आहे : शब्द पाहा, झाका, आठवून लिहा, ताडून पाहा. नुसते पाहून दहा वेळा उतरविण्यात हात राबतो, स्मरण राबत नाही. दररोज पाच शब्द या रीतीने आणि आठवड्याच्या शेवटी त्यांचे श्रुतलेखन एवढे प्रमाण पुष्कळ झाले.

एक शब्द ‘कलर’सारखा दोन रीतींनी लिहिलेला मुलांना आढळेल. नोआ वेब्स्टरच्या १८२८ सालच्या अमेरिकन कोशाने अशा शब्दांतील ‘यू’ वगळला आणि ती रीत अमेरिकेत रुळली. पाठ्यपुस्तकात ब्रिटिश रीत आहे. परीक्षेत तीच ठेवावी.

७. विरामचिन्हे

व्याकरणात दोन भाषा जागोजागी वेगळ्या होतात, पण विरामचिन्हांत त्या बहुतांशी एकच आहेत. याला कारण आहे. मोडीतील जुन्या लेखनात विरामचिन्हे नव्हती. शब्दही एकमेकांना लागून लिहीत. छापील मराठीत ही चिन्हे इंग्रजीवरून आली, आणि ती रुळविण्याचे मोठे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी-मराठी कोशाशी त्यांचेच नाव निगडित आहे. तेव्हा पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह व अवतरणचिन्हे मराठीच्या तासालाच पक्की करावीत. इंग्रजीच्या तासाचा तेवढा वेळ वाचतो. ‘राम आला.’ ‘राम आला?’ ‘राम आला!’ ही तीन वाक्ये मुलांकडून मोठ्याने वाचून घेतली तर चिन्ह म्हणजे कागदावर उतरलेला आवाज होय, हे त्यांना उमजते.

इंग्रजीत नव्याने शिकविण्याच्या गोष्टी दोनच.

पहिली, कॅपिटल अक्षर. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून मूल ती विसरते. वाक्याचा आरंभ, व्यक्तींची व स्थळांची नावे, वार, महिने, भाषांची नावे आणि ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ कोठेही आला तरी, एवढ्या ठिकाणी कॅपिटल हवे. ऋतूंच्या नावांना ते नको.

दुसरी, अपॉस्ट्रॉफी. तिची कामे दोन. ‘इज नॉट’चे ‘इझंट’ होताना गळालेल्या अक्षराची जागा ती दाखविते. आणि ‘रवीज बुक’ यात मराठीतील ‘चा, ची, चे’ या प्रत्ययांचे काम ती ‘एस्’च्या साहाय्याने करते. साध्या अनेकवचनाला ती कधीच लागत नाही, मग बाजारातील दुकानांच्या पाट्यांवर काहीही लिहिलेले असो. ‘इट्स’ या शब्दाचा घोटाळा सोडविण्यास एक कसोटी पुरते : त्या जागी ‘इट इज’ असे दोन शब्द घालून वाचावे, अर्थ जुळला तर अपॉस्ट्रॉफी द्यावी, ‘त्याचा’ असा अर्थ निघाला तर देऊ नये.

८. तयारीची आखणी

चार पर्यायांच्या प्रश्नांत तीन पर्याय चुकीचे असतात. स्पेलिंगाच्या अशा प्रश्नांचा भडिमार वर्षभर केला तर अशुद्ध रूपेच मुलांच्या डोळ्यांत ठसण्याचा धोका असतो. म्हणून आधी शुद्ध रूप पक्के करावे आणि प्रश्नपत्रिकांचा सराव शेवटच्या काही आठवड्यांतच ठेवावा.

शिक्षकाने एक साधी नोंदवही घालावी. तिच्यात प्रत्येक मुलापुढे चार रकाने असावेत : क्रम, क्रियापद, स्पेलिंग व विरामचिन्ह. वही तपासताना नुसती फुली न मारता चूक ज्या रकान्यातील असेल त्याचे पहिले अक्षर समासात लिहावे आणि दुरुस्ती मुलाकडूनच करून घ्यावी. आठवड्याच्या शेवटी कोणता रकाना अधिक भरला ते पाहून पुढील आठवड्याचा पाठ ठरवावा. वर्गातील बहुसंख्य मुलांची चूक एकच असेल, तर ती मुलांची चूक न समजता न शिकविलेला पाठ समजावा.

परीक्षेत वाक्य शुद्ध की अशुद्ध हे ठरविण्यासाठी मुलांना चार प्रश्नांची सवय लावावी. पहिले अक्षर कॅपिटल आहे काय? शेवटी योग्य चिन्ह आहे काय? कर्ता एक की अनेक? त्याला साजेसे क्रियापद आहे काय? या चार प्रश्नांनी पुष्कळसे चुकीचे पर्याय आपोआप गळतात आणि मुलाला अंदाजाने टिंब रंगविण्याची वेळ येत नाही.

अनेक शिक्षकांना स्वतःच्या इंग्रजीविषयी संकोच वाटतो. उच्चार अस्खलित नाही, बोलण्याचा सराव नाही, असे त्यांना वाटते. परंतु वर सांगितलेल्या कामाला अस्खलित बोलण्यापेक्षा मराठीची पक्की जाण अधिक उपयोगी पडते, आणि ती खेड्यातील शिक्षकाजवळ भरपूर आहे. ‘फादर आर’ असे लिहिणाऱ्या मुलाच्या मनात ‘बाबा आले’ हे वाक्य आहे, हे ओळखण्यास मराठी शिक्षकाइतका समर्थ दुसरा कोणी नाही. शंका आली तर मुलांच्या देखत कोश उघडावा. त्यात कमीपणा नाही, उलट कोश पाहण्याची सवय मुलांनाही लागते.

इंग्रजीत मागे पडलेल्या मुलाचे नुकसान थोड्या गुणांपुरते नसते. आपल्याला हा विषय येणारच नाही अशी गाठ त्याच्या मनात एकदा बसली की ती पुढील इयत्तांतही सुटत नाही, आणि पुष्कळ मुले त्या एका विषयापायी शिक्षणच सोडून देतात. आपली चूक कोठून आली हे ज्या मुलाला कळते, ते पुन्हा प्रयत्न करते. प्रत्येक शिक्षकाने या आठवड्यात वर्गातील पाच वह्या घ्याव्यात, त्यांतील प्रत्येक चुकीपुढे तिचे मराठीतील मूळ लिहून पाहावे, आणि तेथून कामास आरंभ करावा.